वैशाखात कोण येणार?

वनमहोत्सवाला २०२५ मध्ये पंचाहत्तर वर्षे झाली. १९५० च्या जुलैत तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. दोन वर्षांनी आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री झाले. या उत्सवाच्या बालपणाशी अमरावतीचे असे जुने नाते आहे. वनमहोत्सवाच्या आठवड्यात राजापेठेपासून बडनेऱ्यापर्यंत मोकळी जागा दिसेल तिथे खड्डे होतील. शाळांची मुले रांगेने येतील, बँकांचे कर्मचारी येतील, पुढारी येतील. एका रोपाच्या काडीला सहा हात लागतील आणि सगळे चेहरे कॅमेऱ्याकडे असतील. यात हसण्यासारखे काही नाही. मे महिन्याच्या दुपारी ज्या शहराचे रस्ते ओस पडतात, त्या शहराला सावलीची ओढ असणारच. ही ओढ पुढचे दहा महिने टिकते का, एवढेच विचारायचे आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत मोठे आकडे पाहिले आहेत. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी रोपांचे लक्ष्य राज्य सरकारने ठेवले होते. इतके लोक एकाच कामासाठी घराबाहेर पडावेत, ही साधी गोष्ट नव्हती. पण मोहीम आटोपल्यावर किती रोपे जगली यावरून वाद पेटला आणि चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. त्या वादात कोण खरे, कोण खोटे हा राजकारणाचा भाग झाला. आपल्यापुरता धडा असा, की लावलेल्या रोपांची बेरीज संध्याकाळपर्यंत करता येते. जगलेल्या झाडांची करायला तीन उन्हाळे थांबावे लागते. पहिली बेरीज बातमी होते, दुसरी कोणी मागतही नाही.

वऱ्हाडात तर हा दुसरा हिशेबच खरा. आपला पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. पुढचे आठ महिने रोपाने स्वतःच्या मुळांवर काढायचे असतात. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळे अनेकदा गोल गोल गुंडाळलेली असतात. ती सोडवून लावली नाहीत तर खाली जातच नाहीत. काळ्या कपाशीच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल निघून जाते. टेकडीवर मुरूम, त्याखाली कातळ. तिथे दीड-दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यातच खणून, तापू देऊन, माती-खत भरून ठेवलेला नसेल, तर जुलैत टिकावाने उकरलेल्या वीतभर खळग्यात रोप तग धरत नाही. त्यातून वाचले तर शेळ्या, शेळ्यांतून वाचले तर फेब्रुवारीनंतरचा वणवा. वृक्षारोपणाचा फोटो आषाढात निघतो आणि रोपाची परीक्षा वैशाखात असते. स्वयंसेवक हवा तो त्या दिवशी.

मात्र रोप जगवले म्हणजे सगळे साधले, असेही नाही. ते कोणते आणि कुठे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. अमरावतीच्या पाठीला वडाळी आणि छत्री तलावाच्या मागून पोहरा-मालखेडचे राखीव जंगल सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे दोन तलाव आज फिरायला जाण्याच्या जागा झाल्या आहेत. पण त्यांच्यामागची टेकाडे बिबट्याची, मोरांची आणि आपण ज्याला रोही म्हणतो त्या नीलगायीची आहेत. तिथले जंगल कोकणासारखे घनदाट नाही आणि कधी नव्हतेही. सागवान, पळस, धावडा, सालई, तेंदू, मोह, बेहडा, हिवर अशी पानगळीची विरळ झाडी आणि तिच्यामधून पसरलेले गवत, असा त्याचा मूळ पिंड. उन्हाळ्यात ते वाळलेले, उजाड दिसते. अनोळखी डोळ्याला वाटते, इथे काहीच नाही, चला झाडे लावू. मग गवताच्या उतारावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांच्या रांगा उभ्या राहतात. हिरवे दिसते म्हणून सगळे खूश होतात, आणि गवतात जमिनीवर अंडी घालणारे चंडोल, तित्तर, धाविक तिथून निघून जातात. जागा हिरवी झाली खरी, पण तिथे राहणाऱ्यांसाठी ती उजाडच झाली.

माळ म्हणजे रिकामी जागा, या समजुतीला इतिहास आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि नांगर माळरानांत शिरले. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती पडीक, ही तेव्हाची नोंद. इंग्रज गेले, नोंद राहिली. आजही गवताळ माळ म्हटले की सरकारी कागदाला तो रिकामा दिसतो. तिथे वृक्षारोपण करा, सौरऊर्जेचे प्रकल्प बसवा किंवा प्लॉट पाडा, कोणाला खंत वाटत नाही. नागरी भागातील वृक्षतोड रोखणारा राज्याचा कायदा १९७५ चा आहे आणि त्यामुळे शहरांना वृक्ष प्राधिकरण मिळाले. झाडाला निदान कायद्याचा आसरा आहे. गवताचा वाली कोणी नाही.

गवताचे मोल ज्यांनी ओळखले, ते वऱ्हाडातलेच लोक आहेत आणि त्यांना आपण बराच काळ गुन्हेगार म्हटले. फासेपारधी समाजाला इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातींत टाकले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत कारंजा परिसरातील ‘संवेदना’ या संस्थेबरोबर या समाजातल्या कुटुंबांनी गवताळ कुरणे राखण्याचे काम हाती घेतले. चराईला शिस्त, आगीपासून राखण, देशी गवतांची पुन्हा पेरणी आणि पक्ष्यांची नोंद असे त्याचे स्वरूप. फासे लावणाऱ्या पूर्वजांकडून आलेले पाखरांच्या येण्या-जाण्याचे ज्ञान आता राखणीला लागले. या माळांचा मानकरी पक्षी म्हणजे तणमोर. पावसाळ्यात उंच गवतातून नर पुन्हा पुन्हा हवेत उडी घेतो आणि मादीला आपली जागा दाखवतो. जगभरात ही जात आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपण ज्या आठवड्यात वनमहोत्सव करतो, नेमक्या त्याच सुमारास त्याचा विणीचा हंगाम भरात येतो. त्याच्या माळावर खड्डे खणून आपण निसर्गसेवा केली असे म्हणायचे असेल, तर त्याला विचारून म्हणावे.

दुसरे उदाहरण अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचे. मेळघाटच्या पायथ्याच्या या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल म्हणावे असे तिथे थोडेच उरले होते. गावाने समतल चर खणले, रोपे लावली, कुऱ्हाड आणि चराई आवरली, वणव्यावर नजर ठेवली. जमिनीत जिवंत राहिलेल्या जुन्या खोडांना आणि मुळांना उसंत मिळाली तसे जंगल आपले आपण वर येऊ लागले. सीताफळांची विक्री गावाच्या नावाने सुरू झाली. २०१४ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी जोडलेला भारतातील जैवविविधता पुरस्कार मिळाला. इथे सगळे काही फुकटच्या श्रमांवर झालेले नाही. रोजगार हमीची मजुरी होती, स्वयंसेवी संस्थेची साथ होती. पण निर्णायक ठरली ती मालकीची भावना. हे जंगल आपले, इथला फायदा-तोटा आपला, हे एकदा मनात ठसले की राखणीला वेगळे निमंत्रण लागत नाही.

शहरात ही मालकी कुठून आणायची? अकोल्याने एका अर्थी तिचा प्रयोग केला. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी अकोलेकर मोर्णा नदीत उतरले. चौदा ठिकाणी, दोन्ही काठांवर, चार किलोमीटरची सफाई. सहा हजारांहून अधिक नागरिक, शंभरावर संस्था. जलपर्णीने झाकलेले पात्र उघडे पडले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. नदी सर्वांची आहे हे अकोल्याने दाखवून दिले, आणि त्याचबरोबर एक मर्यादाही उघड झाली. जलपर्णीला खाद्य पुरवते ते सांडपाणी. ते येत राहिले तर कितीही हातांनी काढलेली जलपर्णी पुन्हा पात्र झाकणार. नागरिकांनी श्रम द्यायचे आणि यंत्रणेने सांडपाण्याचा बंदोबस्त करायचा, या दोन्ही गोष्टी बरोबरीने झाल्या तरच श्रमाला अर्थ. श्रमदान हे पालिकेच्या कामाला पर्याय नाही. कर भरणाऱ्याने झाडूही मारायचा आणि पालिकेने उद्घाटनाला यायचे, ही वाटणी मान्य करता येणार नाही.

श्रमाची शिकवण वऱ्हाडाला बाहेरून घ्यायची गरज नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांचा दिवस गावात शिरताच खराट्याने सुरू होई आणि कीर्तन रात्री. आधी काम, मग बोलणे हा त्यांचा क्रम होता. धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी झोपडीही राखली नाही. आज आपल्याकडे फलक आधी लागतो, खड्डा नंतर खणला जातो. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी प्रार्थनेइतकेच श्रमदानालाही गावाच्या रोजच्या जगण्यात स्थान दिले. त्याच मातीतल्या वरूड तालुक्यात २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली जलसंधारण स्पर्धा झाली, तेव्हा राज्यातून निवडलेल्या तीन तालुक्यांत वरूड होता. भर उन्हाळ्यात लोक कुदळ-फावडी घेऊन चर खणायला गेले. म्हणजे उन्हात काम करायला वऱ्हाडी माणूस तयार नसतो, हे खरे नाही. त्याला कामाचे ठिकाण, मुदत आणि फळ दिसले पाहिजे.

अमरावतीला आणखी एक परंपरा ठाऊक आहे. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी शतकानुशतके पंढरपूरला जाते. वारकरी एकदा जाऊन आला म्हणजे त्याची वारी संपत नाही. पुढच्या वर्षी पाऊस असो, ऊन असो, पाय निघतातच. टेकडीवरच्या कामाला हीच निष्ठा लागते. एका दिवसाचे पाचशे लोक नकोत, वर्षभर येणारे पंधरा हवेत.

हे पंधरा लोक काय करू शकतात, याचे एक सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॉसमन उपनगरात आहे. १९६० च्या दशकात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणी घराजवळच्या झुडुपी रानात फिरायला जात. रानातले परदेशी तण सरसकट कापून काढले, की मोकळ्या झालेल्या मातीत तेच तण पुन्हा जोमाने येते, हे त्यांनी पाहिले. त्यांनी उलटी रीत काढली. जिथे देशी वनस्पती अजून टिकून आहेत तिथून सुरुवात करायची, चांगल्याकडून वाईटाकडे जायचे. माती कमीत कमी उकरायची. देशी रोपे जितक्या वेगाने जागा भरतील तितक्याच वेगाने पुढे सरकायचे. त्यांनी नव्याने लावण्यापेक्षा उपटण्यावर आणि थांबण्यावर भर दिला. गवताळ माळाचेही असेच. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन इथे १९३० च्या दशकात, मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेवरील तरुणांच्या हातांनी, नांगरलेल्या शेतजमिनीवर देशी गवताळ प्रदेश पुन्हा उभा करायला घेतला. नव्वद वर्षे होत आली, तिथे तण काढणे आणि ठरवून केलेले जाळ अजून चालू आहेत. उजाड केलेली जमीन पूर्ववत करायला माणसाचे एक आयुष्य पुरत नाही, हे तिथे कोणी लपवत नाही.

आपल्या टेकाडांवर ब्रॅडली बहिणींची रीत आजच लागू पडेल. वडाळी, छत्री तलाव, भानखेड्याकडच्या रस्त्यालगतचे उतार आणि विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर इथे घाणेरी आणि गाजरगवताचा सुळसुळाट आहे. गाजरगवत भारतात १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत भरले आणि सत्तर वर्षांत त्याने देश व्यापला. ते उपटायची वेळ फुलोरा येण्याआधीची, म्हणजे जुलै-ऑगस्ट. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच, कारण त्याने कातडीवर खाज-पुरळ येते, काहींना दमाही लागतो. १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि अमरावतीची महाविद्यालये यांनी हातात हात घालून तो टेकडीवर साजरा केला, तर त्याचे सोने होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे गवताचे बी गोळा करण्याचे आणि जगलेल्या रोपांची पहिली मोजणी करण्याचे महिने. हिवाळ्यात वन विभागाबरोबर जाळरेषा काढायच्या. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा आगीचा हंगाम. या चार महिन्यांत पाळीपाळीने टेकडीवर कोणीतरी असले पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आळ्यांना पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन. मे अखेरीस पळसाच्या शेंगा आणि अंजनाचे बी वेचायचे. एवढे झाल्यावर, पुढच्या जुलैत गरज असेल तिथेच चार रोपे लावायची.

या कामात पहिली पायरी म्हणजे ओळख. १८ जून २०२५ रोजी मारुती चितमपल्ली गेले. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक राहिलेल्या या वनाधिकाऱ्याने जंगलातल्या लोकांकडून, त्यांच्या बोलींतून पाखरांची आणि झाडांची नावे टिपली आणि मराठीला पक्षिकोशासारखे ग्रंथ दिले. त्यांना श्रद्धांजलीचे ठराव खूप झाले. त्यांचे स्मरण करायचे तर अमरावतीच्या प्रत्येक शाळेतल्या मुलाला टेकडीवरची वीस झाडे आणि पाच गवते नावाने ओळखता यावीत. ज्याला पवन्या आणि मारवेल ओळखता येत नाही, त्याच्या हातात विळा देणे धोक्याचे आहे. तो गाजरगवताबरोबर तणमोराचे घरही कापून टाकेल. टेकडीच्या पायथ्याच्या वस्त्यांतले गुराखी, मोळीवाल्या बाया आणि जुने वनमजूर हे या बाबतीत आपले गुरुजी आहेत. त्यांना मानधन देऊन बोलवावे. त्यांच्या ज्ञानावर आपले श्रमदान उभे राहते, तेव्हा त्यांच्या मजुरीला फुकटचा पर्याय म्हणून ते पुढे करणे अन्यायाचे ठरेल. पाणी घालायला आणि राखायला रोजचा माणूस पगारीच हवा. नागरिकांनी त्याच्याबरोबर उभे राहायचे.

यंत्रणेकडून मागण्या साध्या आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या मदतीने नोंदवही करायची असते. अमरावती महापालिकेने ही नोंदवही राजापेठ, बडनेरा, वडाळी अशा प्रभागांत वाचनालयांमधून लोकांसमोर ठेवावी आणि तीत गवताळ जागा वेगळ्या दाखवाव्यात. त्या जागांवर वृक्षारोपणाला परवानगी देऊ नये. वृक्षारोपणाचा निधी एका वर्षाचा न देता तीन वर्षांचा द्यावा आणि त्यातला मोठा वाटा पाणी व राखणीसाठी बांधून ठेवावा. रोपवाटिकांनी शोभेच्या रोपांऐवजी वऱ्हाडी टेकड्यांवरचे बी रुजवावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. त्यातले निम्मे तास फेब्रुवारी ते जून या काळातले असतील, असा नियम संत गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाने करावा. परीक्षांच्या दिवसांत तो अवघड आहे हे मान्य. म्हणूनच पाळ्या लावाव्यात. आणि कार्यक्रमाच्या फलकावर पाहुण्यांची नावे न लिहिता लावलेली, जगलेली, मेलेली अशी तीन खाती लिहावीत. दर सहा महिन्यांनी ती बदलावीत.

संस्था, मंडळे, क्लब यांनीही या वर्षी एक शिस्त पाळून पाहावी. नव्या जागी खड्डे खणण्याआधी गेल्या वर्षीची जागा जाऊन पाहावी. तिथे जिवंत रोपे निम्म्याहून कमी असतील तर यंदा नवे एकही लावू नये. जुन्यांची आळी करावी, मेलेल्यांच्या जागी गवत येत असेल तर ते येऊ द्यावे, त्याच्या मुळाशी असलेले गाजरगवत उपटावे. फोटो कमी येतील, टेकडीला फरक पडेल. पुढच्या ५ जूनला, पर्यावरण दिनी, हे वृत्तपत्र आपापला हिशेब पाठवणाऱ्या प्रत्येक गटाची तिन्ही खाती छापायला तयार आहे; त्यात मेलेल्या रोपांचा आकडा प्रामाणिकपणे देणाऱ्याला पहिले स्थान मिळेल. कुठे काय मेले आणि का, हे शहराला कळले तर पुढची चूक टळते. उत्सवाच्या पंचाहत्तरीनंतर तरी एवढे खरे बोलण्याची हिंमत आपण कमवायला हवी.